आग्नेयास्त्र : एक दुरुस्ती

गेल्या कार्तिकांत माझा एक जुना विद्यार्थी सहकुटुंब भेटावयास आला होता. आतां तो एका कारखान्यांत यंत्रविभागाचा प्रमुख आहे. फराळ झाल्यावर त्यानें आपल्या चिरंजिवाला पुढें केलें आणि म्हणाला, "सर, यानें यंदा शाळेच्या वक्तृत्वस्पर्धेंत तुमचा विषय घेतला होता." "माझा कोणता रे?" असें मीं विचारतांच मुलगा घडाघडा बोलूं लागला. रामायणांतील आग्नेयास्त्र म्हणजेच आजचें क्षेपणास्त्र. शुक्रनींतींत बंदुकीच्या दारूची कृति दिलेली आहे. तेव्हां रॉकेट हें मूळचें आपलेंच. परीक्षकांपैकीं एका बाईंनीं त्याला भर सभेंत विचारलें, "याला पुरावा काय?" तो म्हणाला, "माझ्या बाबांच्या सरांनीं सांगितलें आहे." सभा हसली आणि पोर खालीं बसलें.

ते सर म्हणजे मीच. संस्कृताच्या तासाला ‘अस्त्र’ हा शब्द आला कीं पुस्तक उपडें ठेवून हें व्याख्यान द्यावयाचें, हा माझा जवळजवळ तीस वर्षांचा परिपाठ. मुलें डोळे विस्फारून ऐकत, आणि मलाहि आपण कांहीं विशेष सांगितलें असें वाटे. मी केवळ मॅट्रिक झालेला व पुढें पाठशाळेंत काव्य-व्याकरण शिकलेला मनुष्य. रसायनांत मला गति नाहीं. परंतु ती सबब येथें चालणार नाहीं, कारण चूक झाली ती रसायनांत नव्हे, माझ्याच विषयांत. विद्यार्थ्याच्या मनांत राग नव्हता. मुलगा मात्र माझ्याकडे टक लावून बसला होता, आणि त्याचें उत्तर मी देणें लागत होतों. त्या दिवशीं तें नीट देतां आलें नाहीं. नंतर दोन महिने जें वाचलें, जें जाणत्यांना विचारलें, त्यावरून तें येथें मांडीत आहे. माझे इतर जुने विद्यार्थीहि हें मासिक वाचीत असतील, त्यांनीं हें आपल्यासाठींच लिहिलें आहे असें समजावें.

घोटाळ्याचें मूळ ‘बाण’ ह्या शब्दांत आहे. धनुष्यावरून सुटतो तो बाण. दिवाळींत बाटलींत उभा करून उडवितात तोहि बाण. आणि पेशवाईच्या काळांतील फौजेबरोबर बाण होते असें आपण वाचतों तेव्हां तेथें धनुष्याचा कांहीं संबंध नसतो, दारूनें भरलेली नळी असते. चिनी भाषेंतहि हाच प्रकार आहे. ‘हुओ-च्येन’, म्हणजे अग्निबाण, हा त्यांचा शब्द आरंभीं पेटता बोळा बांधून धनुष्यानें सोडलेल्या बाणाला लावीत. मग आपल्या आपण उडणाऱ्या नळीला तो लागू झाला. आणि आज अंतराळांत यानें नेणाऱ्या प्रचंड रॉकेटालाहि तोच आहे. तेव्हां शब्द जुना सांपडला एवढ्यावरून वस्तु जुनी असें म्हणतां येत नाहीं. इंग्रजी ‘रॉकेट’ हा शब्द तर सूत गुंडाळण्याच्या लहान चातीच्या इटालियन नांवावरून आलेला आहे. त्यावरून इटलींतील आज्या घरोघर क्षेपणास्त्रें कातीत होत्या असें कोणी म्हणत नाहीं.

मग आपल्या प्राचीन ग्रंथांत खरोखर आहे काय? मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायांत युद्धाचे नियम सांगतांना उलट्या कांट्यांचे, विष लावलेले, आणि टोकाला अग्नि पेटलेले बाण वापरूं नयेत असा स्पष्ट निषेध आहे. निषेध आहे त्या अर्थीं लोक ते वापरीत होते. कौटिल्यानें तर तेराव्या अधिकरणांत, किल्ल्याला वेढा घालण्याच्या प्रकरणीं, आग लावण्याच्या मिश्रणांच्या कृतीच दिल्या आहेत. सरल व देवदार, गुग्गुळ, राळ, लाख, मेण, आणि गाढव, उंट, शेळ्यामेंढ्या यांचें शेण व लेंड्या. शत्रूच्या किल्ल्यांत घरटीं असलेले ससाणे, कावळे, पोपट, पारवे धरून त्यांच्या शेपट्यांना हें बांधावें, म्हणजे घरीं परततांना ते आग घेऊन जातील, अशी ती क्रूर युक्ति आहे. आणि लगेच तोच कौटिल्य बजावतो कीं, पराक्रमानें काम होत असेल तर आग लावूं नये. अग्नि भरंवशाचा नाहीं. माणसें, धान्य, जनावरें किती जळतील याला हिशेब नाहीं. आणि असें जिंकलेलें राज्य रितें हातीं येतें. अस्त्रांचें व्याख्यान मीं शेंकडों वेळां दिलें असेल, पण मनूचा निषेध आणि कौटिल्याची ही ताकीद त्यांत एकदांहि आली नाहीं.

असो. मुद्दा असा कीं, कौटिल्याच्या यादींत सोरा नाहीं. राळ, लाख, मेण हे पदार्थ बाहेरच्या हवेवर जळतात. हवा बंद केली कीं विझतात. सोऱ्याचा गुण निराळा आहे. जळणाला लागणारा प्राणवायु तो आपल्या पोटांतच बाळगून असतो. म्हणून सोरा, गंधक व कोळसा यांचें मिश्रण बंद नळींतहि जळतें, आणि त्याचा वायु एका अरुंद तोंडांतून जोरानें मागें जाऊं लागला कीं नळी पुढें जाते. पेटता बाण धनुष्याच्या जोरावर जातो, आग त्याच्यावर नुसती स्वार झालेली असते. रॉकेट आगीच्याच जोरावर जातें. दोहोंच्या मध्यें सोऱ्याची भिंत आहे, आणि ती भिंत मीं तीस वर्षें मुलांना दाखविली नाहीं.

दारूच्या सर्वांत जुन्या लेखी कृति चीनमधील १०४४ सालच्या ‘वूचिंग त्सुंगयाव’ ह्या सैनिकी ग्रंथांत मिळतात. तेराव्या शतकांत अरब लेखक सोऱ्याला ‘चीनचें बर्फ’ म्हणत, त्यावरूनहि वाट कळते. १२३२ सालीं मंगोलांनीं खायफंग शहराला वेढा घातला असतां आंतल्या लोकांनीं रॉकेटें सोडलीं असें पुष्कळ पुस्तकांत लिहिलेलें असतें. परंतु मूळ वर्णनांत आहे ती ‘उडत्या आगीची बरची’. ती काठीला बांधलेली, ज्वाळा ओकणारी नळी असून सैनिकाच्या हातांतच राहत असे, असें अनेक अभ्यासक मानतात. एका ‘उडत्या’ शब्दानें तेथेंहि लोकांना चकविलें! म्हणजे माझ्यासारखे मास्तर सर्व देशांत असावेत.

आपल्याकडे या विषयाचा खरा शोध पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरांत बसून परशुराम कृष्ण गोडे यांनीं घेतला. १४०० ते १९०० या काळांतील भारतीय शोभेच्या दारूचा इतिहास त्यांनीं लिहिला, तो १९५३ सालीं प्रसिद्ध झाला. ओडिशाचा गजपति प्रतापरुद्रदेव याच्या ‘कौतुकचिंतामणि’ नांवाच्या संस्कृत ग्रंथांत दारूकामाच्या कृति आहेत, त्या त्यांनीं पुढें आणल्या. हा राजा १५०० च्या आगेमागेचा. आपल्या एकनाथांच्या रुक्मिणीस्वयंवरांत लग्नप्रसंगीं दारूकाम येतें, तेंहि सोळाव्या शतकांतलेंच. राहतां राहिली शुक्रनीति. तींत पांच भाग सोरा, एक भाग गंधक व एक भाग कोळसा असें प्रमाण खरोखर आहे, आणि गुस्टाव्ह ऑपर्ट या पंडितानें १८८० सालीं त्यावरून प्राचीन भारतांत दारू होती असें प्रतिपादन केलें, तें मला पाठ होतें. परंतु लल्लनजी गोपाल यांनीं १९६२ सालीं त्या ग्रंथाची बारकाईनें छाननी करून तो एकोणिसाव्या शतकांतला ठरविला, तें मीं वाचलेंच नव्हतें. मी पाटीवर धुळाक्षरें गिरवूं लागण्यापूर्वींच ही दुरुस्ती छापून झाली होती!

पौषांत तो मुलगा बापाबरोबर पुन्हां आला तेव्हां एवढें सर्व त्याला सांगितलें. तो हिरमुसला. "मग आपलें त्यांत कांहींच नाहीं का, आजोबा?" आहे, बाळ, आणि तें पुराणांतल्यापेक्षां भक्कम आहे, कारण तें लोखंडाचें आहे.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत म्हैसुरास हैदरअली व टिपू यांच्या लष्करांत जे बाण होते त्यांची नळी लोखंडी पत्र्याची असे. इतरत्र ती बांबूची किंवा कागदाची असावयाची. फरक दिसावयास लहान, पण किमया त्यांतच आहे. आंतला दाब जितका अधिक तितकी दारू वेगानें जळते आणि वायु जोरानें बाहेर पडतो. त्या दाबानें कागद फाटतो, बांबू उकलतो, लोखंड टिकतें. अशा दोन म्हैसुरी बाणांचीं मापें, जे इंग्लंडांत वुलिचच्या तोफखान्याच्या संग्रहांत जपलेले होते, रोद्दम नरसिंह या बंगळुरूच्या शास्त्रज्ञांनीं १९८५ सालच्या आपल्या निबंधांत दिलीं आहेत. एकाची नळी १० इंच लांब व २.३ इंच व्यासाची, चामड्याच्या वाद्यांनीं ३ फूट ४ इंच लांबीच्या सरळ तरवारीच्या पात्याला बांधलेली. दुसऱ्याची नळी ८ इंचांहून थोडी कमी, आणि तिला ६ फूट ३ इंचांचा बांबू. हें पातें किंवा ही काठी शेपटीचें काम करते. ती नसेल तर बाण हवेंत कोलांट्या खाईल. पल्ला सुमारें १,००० यार्डांपर्यंत जाई.

त्यांचा उपयोग कसा झाला तें इंग्रजांनींच लिहून ठेवलें आहे. १० सप्टेंबर १७८० रोजीं कांचीजवळ पोल्लिलूर येथें कर्नल बेलीची सबंध तुकडी हैदर-टिपूंनीं बुडविली. त्या वेळीं इंग्रजांच्या दारूचे गाडे पेटले, ते बाणांनींच पेटविले असें पुष्कळ इतिहासकार सांगतात. श्रीरंगपट्टणास दरिया दौलत बागेंतील भिंतीवर ही लढाई रंगविलेली आहे. यात्रेस जाणाऱ्यांनीं ती वाट वांकडी करून पाहावी. पुढें एप्रिल १७९९ मध्यें त्याच पट्टणाच्या वेढ्यांत, रात्रीच्या अंधारांत, सुलतानपेठेच्या झाडींत शिरलेल्या एका इंग्रज कर्नलाला बाणांच्या व बंदुकांच्या माऱ्यापुढें गोंधळून माघार घ्यावी लागली. तो कर्नल म्हणजे पुढें नेपोलियनाला हरविणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन. ४ मे रोजीं पट्टण पडलें व टिपू मारला गेला.

टिपूच्या राज्यकारभाराविषयीं आमच्या घरांतच दोन मतें आहेत, आणि पेशव्यांच्या फौजांशीं त्याचें वैर तर प्रसिद्धच आहे. १७९२ सालीं श्रीरंगपट्टणापुढें हरिपंत फडके व परशुरामभाऊ पटवर्धन हे इंग्रजांच्या बाजूनें होते. परंतु येथें प्रश्न सिंहासनावर कोण बसला होता हा नाहीं. नळी कोणी ठोकली हा आहे. त्या लोहारांचीं नांवें कोठेंहि नाहींत. त्यांचें काम मात्र सांपडलें. शिमोगा जिल्ह्यांत नगर, म्हणजे जुनें बिदनूर, येथील एका कोरड्या विहिरीच्या चिखलाला दारूचा वास येतो हें लक्षांत आल्यावरून खणत गेले, आणि २०१८ सालीं १,००० हून अधिक गंजलेलीं लोखंडी रॉकेटें बाहेर निघालीं. लांबी २३ ते २६ सेंटिमीटर. मीं हें वाचून दाखविलें तेव्हां मुलगा उठून उभाच राहिला. "म्हणजे पुरावा विहिरींत होता!"

पट्टण पडल्यावर म्हैसुरी बाण इंग्लंडांत गेले. तेथें वुलिचच्या शस्त्रागारांत विल्यम काँग्रीव्ह यानें १८०४ पासून प्रयोग मांडले. नळी किती जाड, दारू किती, काठी किती लांब, पल्ला किती, हें सर्व मोजलें, तक्ते केले, आणि पुस्तक छापलें. त्याचीं रॉकेटें १८०७ सालीं कोपनहेगन शहरावर पडलीं, आणि १८१४ मध्यें अमेरिकेंत बाल्टिमोरजवळच्या किल्ल्यावर पडलीं त्यांच्या लाल उजेडाचा उल्लेख त्या देशाच्या राष्ट्रगीतांत आहे. कोपनहेगनांत नागरवस्ती जळाली. कौटिल्याचें म्हणणें तेथें शब्दशः खरें झालें. म्हैसूरच्या लोहाराचें ज्ञान त्याच्या हातांत होतें. हात गेले तेव्हां तें गेलें. काँग्रीव्हचें ज्ञान कागदावर होतें, म्हणून त्याच्यामागून विल्यम हेल यानें १८४४ सालीं तें पुढें नेलें व काठी काढून टाकून नळीलाच गिरकी देण्याची सोय केली. ज्या घरांत आजोबांचें औषधाचें बाड उंदरांनीं खाल्लें आहे, त्या घराला हा फरक समजावून सांगावयास नको.

तरीहि रॉकेट मागें पडलें. आंत आटे पाडलेल्या नव्या तोफा अचूक मारूं लागल्या, आणि वाऱ्यावर भरकटणाऱ्या बाणाला कोणी विचारीनासें झालें. त्याला पुन्हां बोलावणें आलें तें रणगाड्यामुळें. १५ सप्टेंबर १९१६ रोजीं फ्रान्समध्यें सोमच्या लढाईंत रणगाडा प्रथम पुढें आला. पोलादी चिलखताचें तें चालतें घर पाहून पायदळाचा शिपाई हवालदिल झाला. चिलखत फोडावयाचें तर गोळा फार वेगानें मारला पाहिजे. वेग हवा तर तोफ जड हवी, आणि जड तोफ एका माणसाला उचलत नाहीं.

ही अडचण सोडविण्याचें बीज अठ्ठावीस वर्षें आधींच पडलेलें होतें. चार्ल्स मन्रो नांवाच्या अमेरिकन रसायनज्ञानें १८८८ सालीं पोलादी पत्र्यावर स्फोटकाची वडी ठेवून उडविली. वडीवर कारखान्याचीं अक्षरें खोल कोरलेलीं होतीं. स्फोटानंतर पाहतो तों तींच अक्षरें पोलादावर उमटलेलीं! म्हणजे स्फोटकाला पोकळी ठेवली तर तिच्या समोर जोर एकवटतो. पुढें या पोकळीला शंकूचा आकार देऊन आंतून तांब्यासारख्या धातूचें पातळ अस्तर लावूं लागले. स्फोट झाला कीं तें अस्तर आंत चेपून सुईसारख्या बारीक धारेनें पुढें सुटतें, सेकंदाला कित्येक किलोमीटर वेगानें, आणि पोलाद बाजूला सारून आरपार जातें. पोलाद वितळतें अशी समजूत आहे ती खरी नव्हे. काम दाबाचें आहे. आणि गंमत अशी कीं, ही धार उत्पन्न होण्यास गोळा वेगानें येण्याची गरजच नाहीं. हळू आला तरी चालेल. जो मंदपणा रॉकेटाचा दोष होता तो येथें दोष राहिला नाहीं. शिवाय रॉकेट खांद्यावरच्या नळींतून सुटलें तर तोफेसारखा उलटा धक्का बसत नाहीं.

रॉबर्ट गॉडर्ड यानें हातांत नेण्याजोगें असें रॉकेट ६ नोव्हेंबर १९१८ रोजीं लष्कराला उडवून दाखविलें होतें. वाजंत्र्यांच्या कागद ठेवण्याच्या घोडीवर त्यानें नळी टेकविली होती. पांच दिवसांनीं महायुद्धच थांबलें, आणि तो प्रयोगहि बासनांत गेला. १९४२ सालीं त्या कल्पनेचा मन्रोच्या पोकळीशीं विवाह लागला व ‘बझूका’ निघाला. हें नांव एका विनोदी नटाच्या घरगुती वाद्याचें होतें. जर्मनांनीं तो हस्तगत करून त्याहून मोठा केला. पण चिलखतहि वाढत होतें. ५ जुलै १९५० रोजीं कोरियांत ओसानजवळ अमेरिकन शिपायांनीं झाडलेले जुने बझूके रशियन बनावटीच्या टी-३४ रणगाड्यांवर आपटून वायां गेले, आणि तेथें पुष्कळ तरणीं पोरें मेलीं. त्या ठिकाणीं अनुभवानें शिकलेला धडा नव्हता. मागच्या युद्धाचें हत्यार पुढच्या युद्धांत चालेल हा विश्वास होता.

यापुढची कथा नेम धरण्याची आहे, आणि ती थोडक्यांतच सांगतों, कारण तींतली यंत्रें मला समजत नाहींत. सुटलेल्या रॉकेटामागून केसासारखी बारीक तार उलगडत जावी आणि तींतून त्याला डावें-उजवें सांगावें, ही कल्पना जर्मनांनीं महायुद्धाच्या शेवटीं काढली. त्या अस्त्राचें नांव ‘लाल टोपडेवाली’, आपल्या मुलांच्या इंग्रजी गोष्टींतली. फ्रेंचांनीं ती १९५५ च्या सुमारास लष्करांत आणली. रशियनांच्या तशाच अस्त्राचें नांव ‘माल्युत्का’, म्हणजे तान्हुली. अशीं गोंडस नांवें कोण ठेवतो कळत नाहीं. ऑक्टोबर १९७३ मध्यें ही तान्हुली पेटींत घालून इजिप्तचे शिपाई सुएझचा कालवा ओलांडून गेले व त्यांनीं इस्राएलाच्या रणगाड्यांची दाणादाण उडविली. मात्र ३ किलोमीटर जावयास तिला सुमारें २५ सेकंद लागत, आणि तितका वेळ शिपायानें डोळा न हलवितां दांडी धरून बसावें लागे. रणगाडेवाल्यांना हें कळलें, तेव्हां ते अस्त्रावर नव्हे, तें जेथून सुटलें तेथें गोळ्या झाडूं लागले. पंचवीस सेकंद म्हणजे किती, हें मुलाला समजावें म्हणून आम्ही घड्याळ लावून गप्प बसलों. फार वेळ वाटला.

आपल्या देशांत १९८३ साली क्षेपणास्त्रांचा जो कार्यक्रम सुरू झाला त्यांतील ‘नाग’ हें रणगाड्याविरुद्धचें अस्त्र. तें लक्ष्याची उष्णता पाहून त्याच्यामागें आपण होऊन जातें आणि वरून, जेथें चिलखत पातळ असतें तेथें, दंश करतें; शिपायाला बसून राहावें लागत नाहीं. त्याची अखेरची चांचणी २२ ऑक्टोबर २०२० रोजीं पोखरणला झाली. म्हणजे कार्यक्रम सुरू झाल्यापासून ३७ वर्षें. नांवांविषयीं मात्र एका संस्कृतज्ञाची तक्रार नोंदवून ठेवतों. पुण्यास पाषाणला घडविलेल्या व कारगिलच्या १९९९ सालच्या युद्धांत वापरलेल्या रॉकेटांच्या यंत्रणेचें नांव ‘पिनाक’. पिनाक म्हणजे शंकराचें धनुष्य. धनुष्य जाऊन शतकें झालीं, पण नांव पुन्हां धनुष्याचेंच! आणखी पांचशें वर्षांनीं एखादा मास्तर यावरून काय शिकवील, सांगवत नाहीं.

निघतांना मुलानें खिशांतून दिवाळींतला एक न उडालेला, पावसांत भिजून गेलेला बाण काढला. तो आम्ही बादलीभर पाण्यांत बुडवून, मग ओसरीवर वर्तमानपत्र पसरून उकलला. कागदाची नळी, खालीं मातीचें बूच, बुचाला बारीक छिद्र, आणि काठी. त्यानें पट्टी लावून नळी मोजली : ९ सेंटिमीटर. शेजारीं नगरच्या विहिरींतलें माप लिहिलें. मग वहींत तारीख घातली. त्या परीक्षक बाईंचा पत्ता मीं त्याच्या वडिलांकडून मागविला आहे. त्यांना पत्र लिहावयाचें राहिलें आहे.